वाचकांचे प्रश्न : मित्राचं विमान माझ्या आकाशात उड्या का मारतं?

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये एकत्र उडणाऱ्यांची बरीच पत्रं या वेळी आली. बहुतेकांनी मागितलंय ते असं : चांगली मित्रयादी हवी, गप्पांची खिडकी मोठी हवी, बिल्ले हवेत. त्याला आमची ना नाही. पण पत्रांतल्या तक्रारी नीट वाचल्या तर भांडण भलत्याच ठिकाणी आहे. दोन संगणकांना एकाच क्षणी एकच आकाश दिसत नाही, तिथे बिनसतं. म्हणून उत्तरांचा भर तिकडेच ठेवलाय.

प्रश्न : आम्ही दोघं फॉर्मेशनमध्ये (जवळजवळ, ठरलेलं अंतर राखून) उडतो. मी लीडरच्या अगदी मागे असतो, तर तो म्हणतो ‘तू फार लांब राहिलास’. शिवाय त्याचं विमान मला सतत पुढे-मागे झटके खाताना दिसतं. पिंग फक्त ७० मिलिसेकंद आहे. चूक कोणाची?

भांडू नका, दोघंही खरं बोलताय. २५० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे १२८ मीटर. तुमचं ७० मिलिसेकंदाचं पिंग हा निरोप जाऊन परत यायचा वेळ आहे, म्हणजे एका दिशेला ३५. पण सिम्युलेटर सेकंदाला १० वेळाच स्थिती पाठवत असेल, तर माहिती पाठवायच्या आधीच १०० मिलिसेकंदांपर्यंत शिळी झालेली असते. त्यात पडद्यावर चित्र उमटायचा वेळ मिळवा. एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या घरात जातो आणि तेवढ्यात विमान १९ मीटर पुढे गेलेलं असतं.

आता गंमत बघा. लीडर तुम्हाला १९ मीटर मागे दिसतो. तुम्ही पडद्यावर ३० मीटर अंतर राखता, म्हणजे प्रत्यक्षात ४९ मीटर मागे असता. तुमचं विमान लीडरला आणखी १९ मीटर मागे दिसतं, म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही ६८ मीटरवर. एकाला ३० दिसतात आणि दुसऱ्याला ६८, आणि दोघांचेही डोळे शाबूत असतात. ही चूक वेगाच्या दिशेनेच होते. सरळ उडताना आजूबाजूचं अंतर तिच्यामुळे बदलत नाही. म्हणून ऑनलाइन फॉर्मेशन करताना थेट मागे राहण्यापेक्षा बाजूला, लीडरच्या पंखाच्या रेषेत किंवा तिरकं मागे राहावं, आणि ‘जवळ ये, लांब जा’ हे लीडरने न सांगता विंगमनने (सोबत उडणाऱ्याने) स्वतःच्या पडद्यावरून ठरवावं.

यावरचा उपाय जुना आहे. शेवटची स्थिती आणि वेग यांवरून विमान आत्ता कुठे असेल याचा अंदाज संगणकाने घ्यायची पद्धत अमेरिकी लष्कराच्या सिमनेट या जोडलेल्या सिम्युलेटरांच्या प्रकल्पात १९८०च्या दशकातच होती. पुढे १९९३ साली आयईईई १२७८ या मानकात ती पद्धत आली. पाठवणारा स्वतःही तोच अंदाज चालवतो. खरी स्थिती अंदाजापासून ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तरच नवं पॅकेट, म्हणजे स्थितीचा निरोप, जातं, नाहीतर ५ सेकंदांनी एक ‘मी आहे’ एवढा निरोप. तिथल्या मूळ मर्यादा स्थितीसाठी १ मीटर आणि कलासाठी ३ अंश अशा आहेत.

सरळ उड्डाणात हा अंदाज छान चालतो, वळणात फसतो. २५० नॉटला २५ अंश कल देऊन वळणारं विमान सरळ रेषेत जाईल असं धरलं, तर ५ सेकंदांत सुमारे ५७ मीटरची चूक होते. ०.२ सेकंदांत तीच चूक ९ सेंटिमीटर. व्हॅटसिम या ऑनलाइन जाळ्यावर पूर्वी स्थिती ५ सेकंदांनी एकदा जात असे. जवळच्या विमानांसाठी ती सेकंदाला ५ वेळा जाऊ लागली तेव्हाच तिथे फॉर्मेशन शक्य झालं, ते याच हिशेबामुळे.

झटक्यांचं कारण मात्र वेगळं आहे. पिंग ७० असो की १७०, ते स्थिर असेल तर विमान गुळगुळीत सरकतं. एक पॅकेट ५० मिलिसेकंदांत आणि पुढचं ९० मध्ये आलं, तर ४० मिलिसेकंदांच्या फरकाने विमान ५ मीटर मागे-पुढे ढकललं जातं. तेव्हा पाहायचा तो पिंगमधला चढउतार. असं करा :

सर्व्हरला २०० वेळा पिंग करा आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त आकडा बघा. फरक ३० मिलिसेकंदांच्या वर असेल तर आधी वाय-फाय सोडून केबल लावा. तरीही फरक उरला तर घरातलं कोण फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवतंय ते शोधा. अपलोड भरलेला असला की लहान पॅकेट त्याच्या रांगेत अडकतात. तिसरी गोष्ट लीडरच्या संगणकाची. त्याचा फ्रेमरेट २० ते ६० असा उड्या मारत असेल, तर स्थिती मोजली जाते तीच वेड्यावाकड्या अंतराने. त्याला ३० वर कुलूप लावायला सांगा. बऱ्याचदा झटके विंगमनला दिसतात आणि दुरुस्ती लीडरच्या संगणकावर करायची असते. एवढं करूनही थरथर राहिली तर दोघांनी हवामान निरभ्र, वारा शून्य करून १० मिनिटं उडून बघा. थरथर थांबली तर ती जाळ्याची नव्हती, दोघांच्या संगणकांतल्या वेगवेगळ्या खळबळत्या हवेची होती.

हे लिहिणाऱ्या प्रोग्रामरांसाठी चार ओळी. पॅकेटवर पाठवणाऱ्याच्या घड्याळाची वेळ घाला. पोचल्याच्या वेळेवरून अंदाज बांधला की जाळ्यावरचा सगळा चढउतार विमानाच्या हालचालीत उतरतो. अंदाजाला जमिनीसापेक्ष वेग वापरा, नाक ज्या दिशेला आहे ती दिशा आणि हवेतला वेग नको. ३० नॉटच्या आडव्या वाऱ्यात तशा हिशेबाने विमान ०.२ सेकंदांत ३ मीटर बाजूला सरकतं आणि पुढच्या पॅकेटला परत येतं, करवतीच्या दात्यांसारखं. दिशा ३५९ अंशांवरून १ वर जाताना मधला जवळचा रस्ता धरा, नाहीतर विमान जागच्या जागी गिरकी घेतं. आणि चूक सापडली की एकदम उडी न मारता एक तृतीयांश ते अर्ध्या सेकंदात हळूहळू मिटवा.

प्रश्न : मित्र दुसऱ्या सिम्युलेटरवर आहे. त्याचं यंत्र ३६,००० फूट दाखवतं, मला तो ३८,०००च्या वर दिसतो. उतरल्यावर धावपट्टीवर त्याची चाकं जमिनीत रुतलेली असतात. एकच नेटवर्क, मग दोन उंच्या कशा?

विमानातलं उंचीमापक उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतं आणि प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने तो फुटांत सांगतं. हवा प्रमाणापेक्षा गरम असेल तर ती फुगलेली असते आणि तोच दाब जास्त उंचीवर सापडतो. ढोबळ नियम असा की दर १० अंश सेल्सिअस फरकाला ४ टक्के. खालपासून वरपर्यंतची हवा सरासरी १५ अंशांनी गरम असेल तर ३६,००० फुटांवर ६ टक्के म्हणजे सुमारे २,१६० फूट. एक सिम्युलेटर हा परिणाम धरतो, दुसरा धरत नाही. पहिल्यातलं विमान भौमितिक (समुद्रसपाटीपासूनच्या खऱ्या) उंचीने ३८,१६० फुटांवर असतं, नेटवर्क तोच आकडा पाठवतं आणि दुसरा सिम्युलेटर तो जसाच्या तसा वापरतो. म्हणजे दोन विमानांमध्ये वर-खाली राखलेलं १,००० फुटांचं अंतर केव्हाच गिळलं गेलेलं असतं.

योग्य रचना अशी : पॅकेटमध्ये दोन्ही उंच्या पाठवायच्या, दाबाची आणि भौमितिक. घेणाऱ्याने वर असताना दाबाची उंची धरून स्वतःच्या वातावरणात तो दाब जिथे आहे तिथे विमान ठेवायचं. खाली आल्यावर भौमितिक उंची धरायची, कारण तिथे डोंगर आणि धावपट्टी महत्त्वाची. मधल्या पट्ट्यात एकीवरून दुसरीवर हळूहळू सरकायचं. सीमारेषा एकच ठेवली तर ती ओलांडताना विमान लिफ्टसारखं वर-खाली होतं.

खेळाडू म्हणून तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत. दोघांनी प्रमाण हवामान लावा, समुद्रसपाटीला १५ अंश आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल, फरक नाहीसा झाला तर निदान पक्कं. खरं हवामान हवं असेल तर दोघांचाही स्रोत एकच ठेवा. आणि ट्रान्झिशन उंचीच्या (जिच्यावर गेल्यावर सगळे १०१३ लावतात तिच्या) खाली सगळ्यांनी एकच दाब लावलाय का ते बोलून खात्री करा. १ हेक्टोपास्कलला जमिनीजवळ २७-२८ फूट पडतात, ८ चा फरक म्हणजे २०० फुटांच्या वर. वर गेल्यावर एकाने १०१३ लावायचं विसरलं की तीच गत.

रुतलेली चाकं हा निराळा भाग. दोन सिम्युलेटरांचा भूप्रदेश वेगळा, धावपट्टीची उंची एक-दोन मीटरांनी वेगळी. शिवाय पाठवलेली उंची बहुधा गुरुत्वमध्याची असते आणि तुमच्याकडच्या पर्यायी मॉडेलचा गुरुत्वमध्य चाकांपासून भलत्याच अंतरावर असतो. ‘मी जमिनीवर आहे’ अशी खूण पॅकेटमध्ये हवी, ती आली की घेणाऱ्याने चाकं आपल्या जमिनीला टेकवायची. टचडाउनच्या वेळी विमान उसळलं की ही खूण क्षणाक्षणाला बदलते, म्हणून अर्धा सेकंद टिकल्याशिवाय ती मानू नये. तुमच्या क्लायंट प्रोग्राममध्ये (सिम्युलेटरला नेटवर्कशी जोडणाऱ्या) जमिनीला टेकवण्याची सेटिंग असेल तर ती चालू आहे ना, एवढं आधी बघा.

प्रश्न : आमच्या ग्रुप फ्लाइटमध्ये सगळी विमानं मला एकाच रंगाची, कधी कधी चक्क लहान सेसना दिसतात. बाकीच्यांना बरोबर दिसतात.

नेटवर्कवरून विमानाचं चित्र येत नाही, फक्त संकेत येतो. बोईंग ७३७-८०० ला ‘बी७३८’, एटीआर ७२-६०० ला ‘एटी७६’, सेसना १७२ ला ‘सी१७२’, आणि सोबत एअरलाइनची तीन अक्षरं. तो संकेत तुमच्या संगणकावरच्या मॉडेलशी जुळवायचं काम तुमचा क्लायंट करतो. मॉडेल नसेल तर तो त्याच्याकडचं ठरलेलं विमान लावतो, तीच तुमची सेसना.

एक्स-प्लेनसाठी ब्लूबेलचा सीएसएल संच आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसाठी एफएसएलटीएल किंवा एआयजीची मॉडेलं हा नेहमीचा मार्ग. व्हॅटसिमचा व्हीपायलट हा क्लायंट वापरत असाल तर मॉडेलांसोबत जुळणीच्या नियमांची फाइलही भरावी लागते. मॉडेलं उतरवून घेतली पण नियम भरले नाहीत, ही सर्वांत जास्त होणारी चूक. दुसरी चूक म्हणजे उडवायची महागडी विमानं ट्रॅफिकसाठीही वापरणं. एकेकाची टेक्श्चर इतकी जड असतात की ३० विमानांत ग्राफिक्स कार्ड धापा टाकतं. ट्रॅफिकची मॉडेलं मुद्दाम हलकी केलेली असतात, तीच वापरा. दुसऱ्या बाजूने पाठवणाऱ्यानेही कनेक्ट होताना विमानाचा संकेत बरोबर भरायला हवा. तिथे ‘बोईंग’ असं लिहिणाऱ्याला कोणीच काही करू शकत नाही.

क्लायंट लिहिणाऱ्यांनी हार मानायचीही एक रीत ठेवावी. आधी प्रकार आणि एअरलाइन दोन्ही जुळवा. नाही तर तोच प्रकार, रंग कोणताही. तेही नाही तर आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ८६४३ क्रमांकाच्या यादीतला वर्ग : बी७३८ हे ‘एल२जे’, म्हणजे जमिनीवरून उडणारं, दोन इंजिनं, जेट, एटी७६ ‘एल२टी’, सी१७२ ‘एल१पी’. वर्ग आणि वजनाची श्रेणी जुळली तरी डोळ्याला खटकत नाही. हेलिकॉप्टरची जुळणी मात्र हेलिकॉप्टरशीच करा. एका जागी तरंगणारं जेट बघून नवखा खेळाडू लगेच तक्रार करतो.

प्रश्न : स्वतःचा सर्व्हर उभा केला. माझ्या घरातल्या दुसऱ्या संगणकावरून चालतो, मित्रांना दिसतच नाही. पोर्ट उघडलाय.

क्रमाने तपासा. पोर्ट टीसीपी आणि यूडीपी (माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती) दोन्हींसाठी उघडलाय का? डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरचा नेहमीचा पोर्ट १०३०८, त्याला दोन्ही लागतात. त्याच्यासोबतच्या एसआरएस रेडिओचा ५००२, तोही दोन्हींसाठी. फ्लाइटगिअर या मोफत सिम्युलेटरचा सर्व्हर ५००० वर यूडीपी वापरतो. मग राउटरने पोर्ट ज्या अंतर्गत पत्त्याकडे वळवलाय तो आजही त्याच संगणकाचा आहे का? राउटर रीस्टार्ट झाला की पत्ते बदलतात. सर्व्हरच्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवा. त्यानंतर त्या संगणकाचा फायरवॉल. चाचणी घरातल्या वाय-फायवरून घेऊ नका, बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत. मोबाइल डेटावरून घ्या.

एवढं करून जमलं नाही तर राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल, किंवा इंटरनेटवर दिसणाऱ्या तुमच्या पत्त्याहून वेगळा असेल, तर सेवा देणाऱ्याने अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवलंय. मग घरी कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य. स्वतंत्र पत्ता मागा, सगळ्यांना एका व्हीपीएनमध्ये घ्या किंवा भाड्याचा सर्व्हर वापरा.

अपलोडचा हिशेब आधीच करा. ४० खेळाडू, प्रत्येकाचं १०० बाइटचं पॅकेट सेकंदाला १० वेळा : एकेकाकडे ३९ जणांची माहिती जाते, म्हणजे सेकंदाला ३१२ किलोबिट. सर्व्हरला तेच ४० जणांना द्यायचंय, म्हणजे साडेबारा मेगाबिट, तेही सलग. खेळाडू दुप्पट झाले की ओझं चौपट होतं. म्हणून चांगला सर्व्हर सगळ्यांना सगळं पाठवत नाही. ५ सागरी मैलांच्या आतल्याला सेकंदाला १० वेळा, ४० मैलांपर्यंत एकदा, त्यापलीकडे ५ सेकंदांनी एकदा. तुमच्या सर्व्हरला अंतरानुसार वेग कमी करण्याची सोय असेल तर ती बंद ठेवू नका.

प्रश्न : आमच्या व्हर्च्युअल एअरलाइनमध्ये २५ जण एकाच व्हॉइस खोलीत बसतात. गोंगाट होतो. नियम केले, कोणी पाळत नाही. खऱ्या रेडिओसारखं काही करता येईल का?

येईल, आणि केल्यावर नियमांची गरज बरीच कमी होते. गप्पांची खोली आणि रेडिओ यांत मूळ फरक असा की खोलीत सगळे सगळ्यांना ऐकतात. रेडिओत तुम्ही कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहात आणि किती उंचीवर आहात यावर ऐकू येणं ठरतं. व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पल्ला सागरी मैलांत काढायचा तर फुटांतल्या उंचीच्या वर्गमुळाला १.२३ ने गुणा आणि दोन्ही टोकांची बेरीज करा. १०० फूट उंच अँटेनाचे १२ मैल, ३,००० फुटांवरच्या विमानाचे ६७, म्हणजे ते एकमेकांना सुमारे ८० मैलांपर्यंत ऐकतील. ६० मैलांवरच्या दोन विमानतळांवर उभी असलेली विमानं एकाच फ्रिक्वेन्सीवर असूनही एकमेकांच्या मध्ये येणार नाहीत. तुमच्या २५ जणांचे आपोआप चार-पाच गट पडतात, कोणाला गप्प बसा म्हणावं लागत नाही.

व्हॅटसिमचा आवाज २०१९ पासून याच तत्त्वावर चालतो. फ्लाइटगिअरसाठी मंबल या आवाजाच्या प्रोग्रामवर चालणारा एफजीकॉम आहे, डीसीएससाठी एसआरएस. त्यात सर्व्हरचालकाने अंतर आणि दृष्टिरेषा हे दोन्ही पर्याय चालू करायचे असतात. बंद ठेवले तर ती पुन्हा गप्पांची खोलीच.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे आवाजांची टक्कर. विमानाचा रेडिओ एएम असतो. दोघं एकदम बोलले तर तिसऱ्याला किंचाळी ऐकू येते आणि बोलणाऱ्या दोघांना काहीच कळत नाही. काही प्रोग्राम ‘सोयीसाठी’ दोन्ही आवाज स्वच्छ मिसळून देतात. आमच्या मते ही सोय गैरसोयच आहे. किंचाळी ऐकली की लोक बोलण्याआधी ऐकायला शिकतात, स्वच्छ मिश्रणात कधीच शिकत नाहीत.

बसवताना लक्ष द्या ते असं. आवाजासाठी ओपस कोडेक, २४ किलोबिट पुरेसे. बटण दाबून बोलण्याची पद्धतच ठेवा, आवाज ओळखून आपोआप सुरू होणारा माइक नको. पंख्याच्या घरघरीने तो फ्रिक्वेन्सी अडवून बसतो. बटण सोडल्यावर १५० मिलिसेकंद माइक चालू राहू द्या, नाहीतर शेवटचा शब्द कापला जातो आणि नेमका तोच धावपट्टीचा क्रमांक असतो. बटण बोलण्याच्या क्षणभर आधी दाबा, नाहीतर कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) कापला जातो. हेडफोन सक्तीचे, स्पीकरवरचा आवाज माइकमध्ये शिरतो. मैत्रीच्या गप्पांची खोली बंद करू नका, वेगळी ठेवा. रेडिओवर आवाज आला की खोलीचा आवाज १५ ते २० डेसिबलने आपोआप खाली जाऊ द्या, आणि जमल्यास रेडिओ एका कानात व खोली दुसऱ्या.

कंट्रोलर नसेल तेव्हा ठरलेल्या सामाईक फ्रिक्वेन्सीवर (व्हॅटसिमवर सहसा १२२.८००) स्वतःहून सांगत राहायचं. नवीन फ्रिक्वेन्सीवर गेल्यावर आधी पाच सेकंद ऐका. मग विमानतळ, कॉलसाइन, कुठे आहात, काय करणार, आणि पुन्हा विमानतळ. एवढंच. ‘सगळ्यांना नमस्कार, मला कोणी ऐकतंय का’ यात जातात तेवढ्या वेळात फायनलवरचं (उतरायच्या शेवटच्या टप्प्यातलं) विमान दोन-तीनशे मीटर पुढे येतं.

माइक नसलेल्यांना बाहेर काढू नका. व्हॅटसिमवर उड्डाण योजनेच्या शेऱ्यात बोलणारा, फक्त ऐकणारा आणि लिहिणारा अशा तीन खुणा असतात. तुमच्याकडेही नावापुढे तशी खूण दिसली तर समोरचा उत्तर का देत नाही हे लगेच कळतं.

प्रश्न : खुल्या सर्व्हरवर कोणीतरी धावपट्टीवर विमान उभं करून निघून जातं, कोणी मुद्दाम अंगावर येतं. मॉडरेटर दोघंच आहोत. काय सोय असावी?

मुद्दाम त्रास देणारे कमी असतात. बहुतेक विमानं धावपट्टीवर उभी राहतात ती सिम्युलेटरने नवख्याला तिथेच सोडलेलं असतं म्हणून. म्हणून पहिला बदल सुरुवातीच्या जागेत करा : ऑनलाइन आल्यावर धावपट्टीवर नाही, पार्किंगवर. ती जागा भरलेली असेल तर पुढची मोकळी, नाहीतर दहा विमानं एकात एक घुसून उभी दिसतात.

दुसरा बदल : धावपट्टीवर वेग शून्य आणि २ मिनिटं कोणतंच नियंत्रण हललं नाही, तर विमान इतरांना पारदर्शक व्हावं आणि त्याच्या मालकाला सूचना जावी. कंट्रोलरने थांबवून ठेवलेलं विमान यात सापडू नये म्हणून कंट्रोलर हजर असताना ही मर्यादा त्याच्या हाती द्या. खेळाडूंमधली टक्कर नागरी सर्व्हरवर बंदच ठेवा. आणि ‘हा मला दिसू नये’ हे बटण फक्त दाबणाऱ्याच्या पडद्यापुरतं चालावं. चौघांनी मिळून एखाद्याला सर्वांसाठी नाहीसं करण्याची सोय दिली की तीच त्रासाचं हत्यार होते.

तक्रारीचं बटण दाबलं की मागच्या ९० सेकंदांतली ५ मैलांच्या आतली सगळी विमानं, त्यांच्या उंच्या, फ्रिक्वेन्सी आणि लिहिलेले निरोप आपोआप जोडले जावेत. दोन मॉडरेटर कथा वाचत बसले तर रात्र जाईल. दीड मिनिटाचं चित्र पाहून निकाल एका मिनिटात लागतो. शिक्षा पायरीने : सूचना, सराव सर्व्हरवर रवानगी, मग ठराविक दिवसांची बंदी. इन्फिनिट फ्लाइटमध्ये कॅज्युअल, ट्रेनिंग आणि एक्स्पर्ट असे वेगळे सर्व्हर आहेत, व्हॅटसिमवर नव्या सभासदाला आधी छोटी परीक्षा द्यावी लागते. दोन्हींमागचा विचार एकच, शिकायला जागा द्या, पण ती गर्दीच्या धावपट्टीवर नको.

प्रश्न : ३० विमानांचं एकत्र उड्डाण ठरवलंय, पाऊण तासाचा मार्ग. मागच्या वेळी शेवटी गोंधळ झाला.

गोंधळ आकड्यांत आधीच लिहिलेला असतो. एका धावपट्टीवरून २ मिनिटांनी एक विमान सोडलं तर तिसावं ५८ मिनिटांनी उडतं. मार्ग ४५ मिनिटांचा, म्हणजे पहिलं विमान उतरलं तरी सहा-सात जण अजून जमिनीवरच. यात ‘एकत्र’ काहीच नाही. उतरताना ५ मैलांचं अंतर आणि १४० नॉट जमिनीसापेक्ष वेग धरला तर एकामागे एक १२८ सेकंद लागतात, तासाला २८ विमानं. त्यापेक्षा जास्त आली की घिरट्या.

म्हणून निघण्याची ठिकाणं तीन करा, प्रत्येकी दहा विमानं, आणि पोचायचं ठिकाण एक. मार्गांची लांबी अशी निवडा की पहिल्या विमानांच्या वेळा एकमेकींपासून वीसेक मिनिटांनी पडतील. जेट आणि पंख्याची (प्रोपेलरची) विमानं एकाच रांगेत नकोत, पंख्याच्यांना आधी सोडा. वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) कळवा. माहितीपत्रक एका पानाचं : आपापली सुटण्याची मिनिटं, तीन फ्रिक्वेन्सी, उतरायची धावपट्टी, यजमानाने ठरवलेला दाब, आणि जोडणी तुटली तर कुठे परत यायचं. हे शेवटचं कलम कोणी लिहित नाही. तुटलेला खेळाडू मग रांगेच्या मधोमध अचानक उगवतो. त्याने रांगेच्या शेवटी, ठरलेल्या बिंदूवर यावं.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरवर असाल तर सगळ्यांचा सर्व्हर प्रदेश आणि ट्रॅफिकची निवड एक आहे का बघा. ‘लाइव्ह प्लेअर्स’ निवडलेल्याला स्वतःचं हवामान लावलेला मित्र दिसत नाही, आणि अर्धा तास त्यातच जातो.

प्रश्न : एकाच कॉकपिटमध्ये दोघं बसतो तेव्हा विमान आपोआप डोलतं आणि स्विच उलटसुलट होतात.

दोन्ही जॉयस्टिक एकदम बोलताहेत. उड्डाणाचं नियंत्रण एका वेळी एकाकडेच हवं आणि दुसऱ्याचं यंत्र पूर्ण दुर्लक्षित व्हावं. तुमच्या प्रोग्राममध्ये ही सोय नसेल तर दुसऱ्याने जॉयस्टिकचा मृतपट्टा (मधली जागा, जिथली हालचाल धरली जात नाही) ५ टक्के करावा. बदल करताना ‘कंट्रोल तुझ्याकडे’ आणि ‘माझ्याकडे आलं’ हे दोन्ही बाजूंनी बोलायचं, मगच हात सोडायचा. स्विच उलटतात ते प्रोग्राम ‘दाबलं’ एवढंच पाठवतो म्हणून. एक निरोप हरवला की एकाकडे दिवा चालू, दुसऱ्याकडे बंद, आणि पुढच्या प्रत्येक दाबण्याला उलटच. ‘आता चालू आहे’ अशी स्थिती क्रमांकासह पाठवणारा प्रोग्राम निवडा. दोघांकडे विमानाची आवृत्ती तंतोतंत एक हवी आणि इंधन एकानेच भरायचं.

प्रश्न : लांबच्या ग्रुप फ्लाइटमध्ये मधला कंटाळवाणा भाग चौपट वेगाने उडवला तर चालेल?

एकट्याने नाही. इतरांना तुमचं विमान १,८०० नॉटने पळताना दिसेल आणि त्यांच्या संगणकांचे सगळे अंदाज कोलमडतील. सगळ्यांनी एकाच क्षणी वेग बदलणारा यजमान-नियंत्रित पर्याय असेल तर वापरा. नसेल तर मार्ग छोटा निवडा.